प्लग माझ्या हातात होता

मधू,

परवा तुझ्या तेराव्याला मी पुन्हा ती गोष्ट सांगितली.

सांगणार नव्हतो रे. पंगतीत खाली मान घालून मुकाट मठ्ठा पीत बसलो होतो. जिलबीचा दुसरा आग्रह चालला होता. तेवढ्यात आपले सोसायटीचे सेक्रेटरी लेले, ज्यांना तू तोंडावर ‘लेलेसाहेब’ आणि पाठीमागे ‘नोटीसबोर्ड’ म्हणायचास, माझ्याकडे वळले. म्हणाले, “शरदराव, मधुकररावांच्या बोटाची गोष्ट होऊन जाऊ द्या. त्यांनाही आवडायची.”

त्यांनाही आवडायची! मी मठ्ठ्याची वाटी खाली ठेवली. गोष्ट सांग म्हटलं की माझे हात आपोआप मोकळे होतात, हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक आहे?

परवाच्या आवृत्तीत तुझ्या बोटाचं टोक रंधा मशीनमधून जे सुटलं, ते बी विंगच्या गच्चीला वळसा घालून तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या कुरडयांच्या वाळवणात पडलं. ‘ही एक जाड झाली वाटतं’ म्हणून काकू ते उचलणार, तोच एका कावळ्यानं झडप घातली. “आणि म्हणूनच मंडळी,” मी म्हटलं, “दहाव्याला पिंड ठेवायचा अवकाश, कावळा शिवला. जुनी ओळख!”

लेल्यांना ठसका लागला. तुझा निखिल हसता हसता उठून बाहेर गेला. कुंदावहिनी तोंडाला पदर लावून हसल्या, तेरा दिवसांत पहिल्यांदा. मला वाटलं, चला, जन्मात एक तरी पुण्याचं काम केलं. तर डोळे पुसता पुसता त्या म्हणाल्या, “मी मात्र त्यांना फार बोलले हो त्या प्लगवरून. चार वर्षं. ते मिक्सर लावायला उठले तरी मी म्हणायचे, प्लग नीट बघा, नाहीतर दुसरं बोट घालवाल. शेवटच्या आठवड्यातसुद्धा म्हटलं. बिचारे मुकाट्यानं ऐकून घ्यायचे.”

गोष्ट खोटी आहे हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. आधी आपल्या दोघांना माहीत होतं.

खोटी म्हणजे माझ्या नेहमीच्या गोष्टी असतात तशी नव्हे. तू म्हणायचास, “शऱ्या, तुझ्या कुठल्याही गोष्टीवर रंधा मारून दोन सूत काढले की आत खरं लाकूड सापडतं.” बाकीच्या गोष्टींचं असेल तसं. या गोष्टीचं लाकूडच दुसऱ्याच्या घरातून उचलून आणलेलं होतं.

सुरुवात माझीच. निवृत्त झाल्यावर माणूस देवाला लागतो नाहीतर डॉक्टरला. मी ड्रिल मशीनला लागलो. दिवाणखान्यात घड्याळ लावायचं होतं. मी लोकांना सांगतो की माझं ड्रिल भिंत भेदून शेजारच्यांच्या स्वयंपाकघरात निघालं आणि सोय झाली म्हणून तिथल्या बाईंनी त्यावर झारा अडकवला. खरं एवढंच, की ते भिंतीतल्या नळाच्या पाइपात घुसलं आणि तीन मजले कोरडे पडले. तू खालच्या मजल्यावरून बादली घेऊन वर आलास. बादली दिली नाहीस. भिंतीतून उडणाऱ्या कारंज्याकडे बघत दारातच उभा राहिलास आणि म्हणालास, “घड्याळ लावतोयस की आड खणतोयस?”

कसबा पेठेत आपण एका बाकावर बसलो, पण सुट्टीत मी पतंगांमागे धावायचो आणि तू आळीतल्या सुताराच्या दुकानात रंध्याखालून निघणाऱ्या तासण्या गोळा करत बसायचास. पुढे तू तांत्रिक शाळेत वर्कशॉपचा मास्तर झालास आणि मी विमा कंपनीत कारकून. इतरांच्या अपघातांचे कागद सरकवण्यात माझी हयात गेली. आणि तुझं एक वाक्य ठरलेलं होतं: “माझ्या अख्ख्या नोकरीत एका पोराचं नखसुद्धा गेलं नाही.” लोक पदव्या सांगतात, मुलाचा अमेरिकेतला पगार सांगतात, तुझ्याकडे सांगायला हे एवढंच होतं आणि ते तू कोथरूडभर सांगायचास.

वर्षभरात माझ्या पार्किंगमधून स्कूटर बाहेर उन्हात गेली आणि आत मशीनं आली. प्रत्येकाचा स्वभाव निराळा. जिगसॉनं मी पहिली फळी अगदी सरळ कापली, फक्त फळीबरोबर खालचं टेबलही कापलं. बॅटरीचं ड्रिल दहापैकी नऊ स्क्रू मुलखाच्या उत्साहानं बसवायचं आणि दहाव्याला मान टाकायचं. मग तू न बोलता खिशातला स्क्रू-ड्रायव्हर पुढे करायचास. लाकडात खाचा कोरणारा राऊटर पहिल्याच दिवशी माझ्या हातातून निसटून फळीभर गरागरा फिरला. तू चष्मा लावून त्या नक्षीवर वाकलास. “मोडी दिसतीये. कोणाकडून तरी वाचून घे, एखादी जमीन निघायची तुझ्या नावावर.” भुशाचं तर विचारूच नको. लेल्यांचा पांढरा कुत्रा आमच्या पार्किंगमधून एक चक्कर मारून गेला तो सागवानी होऊन, आणि लेल्यांनी त्याला घरात घेतलं नाही. (हे खरं आहे. दोन सूत कमी कर हवं तर.)

आणि आपलं ते भांडण! हाताचा रंधा श्रेष्ठ की मशीनचा. पैज लावली होतीस. एकाच मापाच्या दोन फळ्या. तू तुझी गुळगुळीत करून, चहा पिऊन, कप विसळून आलास, तेव्हा मी अजून एक्स्टेन्शन बोर्ड शोधत होतो. पण दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी खाली आलो तर पार्किंगमध्ये तूच! माझं रंधा मशीन दोन्ही हातांत धरून एका टाकाऊ तुकड्यावर चालवत होतास. लाकडाचा तो गोडसर वास सुटला होता, तासण्या कारंज्यासारख्या उडत होत्या आणि तू चक्क गुणगुणत होतास. मला बघून असा दचकलास की जणू शाळेमागे विडी ओढताना सापडलास. म्हणालास, “आवाज तपासत होतो.”

रोज तपासायला लागलास मग. त्या वर्षांत तुझ्याइतका सुखी माणूस मी पाहिला नाही, आणि तुझ्या सुखात माझा हात होता याची मला केवढी मिजास होती!

पण भांडण तू सोडलं नाहीस. म्हणायचास, “हाताचा रंधा चूक करायला वेळ घेतो. तेवढ्यात माणूस सावध होतो. मशीन तेवढाही वेळ देत नाही, शऱ्या.” म्हणून तुझा तो नियम. मशीनच्या पोटात बोट घालायचं, पातं बदलायचं, अडकलेला भुसा काढायचा, काहीही असो: आधी प्लग काढायचा आणि स्वतःच्या शर्टाच्या खिशात ठेवायचा. नुसता काढून लोंबता ठेवायचा नाही. खिशात. छातीवर वायर लोंबतीये आणि तू मशीनमध्ये डोकं घातलंयस, असा तू दिसायचास तेव्हा लेले विचारायचे, “काय मधुकरराव, चार्जिंगला लावलंय का स्वतःला?” तू मान वर न करता सांगायचास, “हो. तुमची बॅटरी उतरली की सांगा, तुम्हालाही लावू.”

आता तो दिवस. तुला काय सांगायचा, पण मी आजवर तो एकदाही सरळ सांगितलेला नाही, म्हणून सांगतो.

मे महिना होता. कुंदावहिनींचे गुडघे धरले होते, पाटावर बसवत नव्हतं. देवपूजेला बसायला त्यांच्यासाठी उंच चौरंग करायचं चाललं होतं. जुन्या चौकटीचं सागवान. रंधा मी मारत होतो. बटण सतत दाबून बोट दुखायला लागलं म्हणून मी बटणाचं लॉक लावून ठेवलं, म्हणजे बोट काढलं तरी मशीन चालूच राहतं. मध्येच तासण्या अडकल्या, मशीन घरघरलं. तू झटकन बोर्डातून प्लग उपटलास आणि मशीन बाकावर उलटं ठेवलंस. लॉक तसंच राहिलं. उकाड्यानं तू शर्ट काढून खिळ्याला अडकवला होतास, अंगात नुसता गंजीफ्रॉक. छातीपाशी हात नेलास, खिसा नाही. तेव्हा प्लग माझ्या हातात दिलास. “हा धर. सोडू नको.” आणि तू पात्याजवळच्या तासण्या उकरायला लागलास.

मी धरला होता. तेवढ्यात लेले आले, आवाजाची तक्रार घेऊन. तक्रार घेऊन आलेल्या माणसाला गोष्ट सांगून परत पाठवायचं हे माझं खातं होतं. मी गोष्ट सुरू केली. लेले खुलले. ऐन रंगात आलो तेव्हा काहीतरी केवढं मोठं होतं ते दाखवायला मला दोन्ही हात लागणार होते. एका हातात तुझा प्लग. मी तो समोरच्या बोर्डात खोचला. छत्री कोपऱ्यात उभी करावी तसा. बोर्डाचं बटण चालूच होतं.

मधू, ती कोणती गोष्ट होती, मला आठवत नाही. साप होता की फणस, काय एवढं मोठं होतं, काही आठवत नाही. माझे दोन्ही हात हवेत होते आणि तू “आई गं” म्हणालास, तेही हळू.

लेले माझ्या हातांकडे बघत होते. त्यांनी काही पाहिलं नाही.

रिक्षात तू टॉवेलात मूठ गुंडाळून बसला होतास. मी काहीतरी बडबडत होतो. तू म्हणालास, “प्लग काढून आलायस ना?” तेवढंच. मला वाटलं टोमणा आहे. नंतर लक्षात आलं, तू खरंच विचारत होतास. मशीन तसंच चालू राहिलं असेल आणि कोणाला लागेल, याची तुला काळजी होती.

कुंदावहिनी दवाखान्यात धावत आल्या आणि पहिला प्रश्न, “प्लग काढला नव्हता का तुम्ही?” तू माझ्याकडे पाहिलंस. रागानं नाही. मास्तर वर्गातल्या पोराकडे बघतो तसं. ऊठ, तुला येतंय उत्तर. मी उठलो आणि म्हणालो, “अहो वहिनी, काय सांगू! तुमचे हे! जगाला प्लग खिशात ठेवायला सांगतात आणि स्वतः मशीनची पाठ थोपटायला गेले. बैल समजले की काय कोण जाणे!” वहिनी रडता रडता फस्सकन हसल्या. मला इतकं हायसं वाटलं, की पुढचं सगळं आपोआप सुचत गेलं. तू जखम बघत म्हणालास, “हं. असंच झालं.”

उद्या सांगू, म्हटलं. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात बघायला आलेल्यांना गोष्ट सांगून झाली होती. तिसऱ्या दिवशी तीत कावळा आला. आठवड्यानं सोसायटीच्या सभेत मी ती सांगितली तेव्हा तू मागच्या खुर्चीवरून म्हणालास, “कावळा नव्हता, घार होती.” लोक खो खो हसले. मी ती परवानगी समजलो. चार वर्षं मी त्या एका घारीवर काढली, मधू.

तुझे जुने विद्यार्थी भेटायला आले होते, आठवतं? टक्कल पडलेले, पोटं सुटलेले कारखानदार. दारातूनच ओरडले, “सर, प्लग खिशात!” सगळे हसले, तूही हसलास. ते गेल्यावर तू बँडेजचा हात हळूच शालीखाली घेतलास. मी समोर बसलो होतो. माझ्या हातात चहाचा कप होता आणि तोंडात बिस्किट होतं, म्हणून मी बोललो नाही असं स्वतःला सांगत आलोय. ‘एका पोराचं नखसुद्धा गेलं नाही’ हे तुझं वाक्य त्यानंतर मी कधी ऐकलं नाही.

वहिनींनी निखिलकडून सगळी मशीनं माळ्यावर चढवली. तुझा हाताचा रंधासुद्धा. तू म्हणालास, “तिचं बरोबर आहे.” आणि गॅलरीत खुर्ची टाकून बसायला लागलास. मीही लाकूडकाम सोडलं. लोकांना सांगितलं, मित्रासाठी सोडलं. खरं तर तो आवाज मला ऐकवत नव्हता. अर्धा चौरंग माझ्याकडेच पडून होता. मी तो कोणाला तरी देऊन टाकला, कोणाला ते तुला सांगितलं नाही. तूही विचारलं नाहीस.

एकदाच विचारलंस. मागच्या हिवाळ्यात, बागेतल्या बाकावर. आपण दोघेच. तू मफलर नीट करत म्हणालास, “शऱ्या, ती बोटाची गोष्ट एकदा मला खरी सांग ना.”

मी म्हटलं, “कुठली?”

तू बाकावरून उठलास. मग म्हणालास, “राहू दे. थंडी वाढली, चल.”

कुठली! गावभर जी गोष्ट मी तोंडपाठ सांगत हिंडलो, ती कुठली म्हणून तुलाच विचारलं. इतक्या थापा मारल्या जन्मभर. सगळ्यांत मोठी थाप ही एका शब्दाची होती. त्यानंतरही आपण रोज भेटलो. रोज. मी तुला पेपरातल्या बातम्या फुगवून सांगितल्या, तू त्या दोन सूत कमी करून ऐकल्यास, आणि मग एका सकाळी निखिलचा फोन आला.

आज दुपारी मी तुझ्या घरी गेलो. निखिल कामावर गेला होता, सून आत होती. वहिनी एकट्याच गॅलरीत बसल्या होत्या, तुझ्या नाही, शेजारच्या खुर्चीत. मी स्टूल ओढलं आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलो. नाहीतर ते बोलायला लागले असते.

“वहिनी, त्या दिवशी प्लग मधूनं काढला होता. त्यानं तो माझ्या हातात दिला होता. मी तो परत लावला.”

त्या हसल्या. “बाई गं! ही नवीनच आवृत्ती. आता यात कावळा कुठून येतो?”

“कावळा नाही.”

“मग घार?”

“वहिनी, मी खरं सांगतोय.”

त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं आणि त्यांचा चेहरा मऊ झाला. तो मऊपणा मला सोसवेना. “भावजी, कळतंय हो मला. परवा मी पंगतीत तसं बोलले म्हणून तुम्ही आता सगळं स्वतःवर घेताय. मोठ्या मनाचे आहात. पण खरंच नको.”

बघ मधू! आयुष्यात पहिल्यांदा फळीइतकं सरळ बोललो, आणि तोही माझा चांगुलपणा ठरला. या क्षणी तू मागच्या खुर्चीवर असतास तर काय म्हणाला असतास कोण जाणे. मग मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो. लॉक. तासण्या. लेले. मोठं करून काही नाही, उलट जितकं बारीक आठवत होतं तितकं बारीक. उकाडा होता, शर्ट खिळ्याला होता, गंजीफ्रॉकला खिसा नव्हता, म्हणून प्लग माझ्याकडे.

“निळा शर्ट,” वहिनी म्हणाल्या.

मी थांबलो.

“दुसऱ्या दिवशी मीच आणला तो खालून. धुवायला घेतला, तर रक्ताचा एक थेंब नाही त्याच्यावर. दवाखान्यात तर त्यांना तिथला झगा घातलेला होता, म्हणून मला वाटलं, एवढं लागलं माणसाला आणि शर्ट कोरा कसा? मग राहून गेलं ते डोक्यातून.” त्या बोलता बोलता थांबल्या. त्यांचे ओठ हलत होते, मनाशी काहीतरी जुळवत असल्यासारखे. “खिसा नव्हता म्हणून तुमच्याकडे दिला.”

“हो.”

“म्हणजे ते विसरले नव्हते.”

“नाही, वहिनी. तो कधीच विसरला नाही.”

खाली रस्त्यावर भंगारवाला ओरडत गेला. तो पार कोपऱ्यापर्यंत जाईस्तोवर त्या तुझ्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता ओरडतील. ओरडाव्यात अशी फार इच्छा होती. मी येताना जिन्यावर तेवढीच तयारी करून आलो होतो. आपलं ओझं उतरवायला निघालेला माणूस ते कोणाच्या डोक्यावर ठेवतोय हे बघत नाही. मीही पाहिलं नव्हतं. त्यांच्या तोंडाकडे बघून मला कळलं, की चार वर्षांचे ते सगळे ‘प्लग बघा’, ‘प्लग बघा’ त्या आता एकेक करून परत ऐकत होत्या.

“मग ते बोलले का नाहीत?”

“मी सांगेन म्हणून थांबला असेल.”

“चार वर्षं?”

मी मांड्यांखालचे हात काढले. मुंग्या आल्या होत्या.

वहिनी उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून, बेतानं. मी आधाराला पुढे झालो तर त्यांनी नुसती मान हलवली. दारापर्यंत माझ्याबरोबर आल्या, मी चपला घालेपर्यंत उभ्या राहिल्या. त्यांची रीत कधी सुटायची नाही.

“वहिनी, उद्या येऊ का?”

“नको,” त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. “थोडे दिवस नका येऊ, भावजी. मला त्यांच्याशी बोलायचंय. तुम्ही असलात की ते काही बोलत नाहीत.”